किरकोळ

गेल्या वर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापासून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, गणपतीचे दिवस वगळता, रोज रात्री साडेआठ ते अकरा या वेळात मी श्रीकांत नावाचा माणूस होण्याचा सराव करीत होतो. श्रीकांत पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता आहे, वय सत्तेचाळीस, सांगलीत स्वतःचे घर, बायको अनघा शिक्षिका, एक मुलगा पुण्यात शिकायला. हा माणूस प्रत्यक्षात कोठेही राहत नाही. आमच्या हौशी नाट्यसंस्थेसाठी आमच्याच ओळखीतल्या एका लेखिकेने लिहिलेल्या दोन अंकी नाटकातला तो नवरा आहे. मी स्वतः एका सहकारी बँकेत चोवीस वर्षे नोकरी करीत आहे, आणि हौशी मराठी राज्य नाट्य स्पर्धेत आजवर कधी फौजदार, कधी डॉक्टर, कधी नायिकेचा थोरला भाऊ अशी कामे निभावून नेली आहेत. अंकभर रंगमंचावर राहायचे, अशी भूमिका ही पहिलीच.

संहितेचे पहिले वाचन लेखिकेच्या घरी झाले. दीड तास तिने एकटीने वाचले आणि चहा आल्यावर प्रत्येकाने आपापले मत दिले. मी म्हणालो की नाटक चांगले आहे, पण यात नवऱ्याचे नेमके चुकते कुठे हे प्रेक्षकांना कळणार नाही, कारण तो दारू पीत नाही, बाहेरची भानगड नाही, सकाळचा चहा स्वतः करून बायकोला देतो आणि तिला शाळेत सोडायला व आणायला जातो. पहिल्या अंकाच्या शेवटी एक थोबाडीत होती, ती सोडली तर हा माणूस मला बऱ्यापैकी सज्जन वाटला होता. दिग्दर्शकांनी माझे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि भूमिका मलाच दिली. त्यामागचे कारण मी तेव्हा विचारले नाही, आणि पुढे विचारण्याची गरज उरली नाही.

श्रीकांतचे तोंडचे वाक्य आहे, ‘मी आहे ना.’ संहितेत ते सतरा वेळा येते. अनघाला दुचाकी शिकायची असते, तेव्हा ‘कशाला, मी आहे ना.’ बँकेत जायचे असते, ‘मी आहे ना.’ भावाच्या घरी दोन दिवस राहायचे असते, तेव्हा या वाक्यापुढे ‘इथे माझं कोण आहे?’ एवढी भर पडते. तिचा पगार दोघांच्या नावावरच्या खात्यात जमा होतो, एटीएम कार्ड त्याच्या पाकिटात असते, आणि खात्याला जोडलेला मोबाईल क्रमांक त्याचा असल्यामुळे ओटीपीही त्याच्याच फोनवर येतो. घरखर्चाला तो महिन्याच्या एक तारखेला रोख रक्कम मोजून देतो आणि रविवारी सकाळी वहीतला हिशेब तपासतो. यातले काहीही तो ओरडून करीत नाही.

मला नेमके तेच जमत नव्हते. पहिले पंधरा दिवस मी आवाज चढवीत होतो, भुवया आवळीत होतो, म्हणजे मराठी नाटकातला दुष्ट नवरा जसा करायचा असतो तसा करीत होतो. दिग्दर्शक रोज एकच सांगत : खाली, अजून खाली. एकदा कंटाळून ते म्हणाले, ‘ज्याचं घरात ऐकलं जात नाही, त्याला ओरडावं लागतं. याचं ऐकलं जातं.’ त्यानंतर त्यांनी मला बसवून ठेवले. पहिल्या अंकात श्रीकांत पाणी, चष्मा, वर्तमानपत्र यांसाठी एकदाही उठत नाही, आणि मागतही नाही. त्याची नजर टेबलाकडे गेली की अनघा उठते. सकाळचा चहा मात्र तोच करतो, आणि त्या चहाचा उल्लेख दिवसातून तीनदा करतो.

शेजारचे जोडपे घरी येते, असा एक प्रवेश आहे. शेजारीण अनघाला विचारते, ‘तुम्ही कुठल्या शाळेत?’ आणि उत्तर श्रीकांत देतो. कागदावर ही एवढीच गोष्ट, पण तिला आमच्या चार रात्री लागल्या. प्रश्न संपताक्षणी मी बोललो की तो आगाऊपणा दिसे आणि तालमीला बसलेली मंडळी हसत. थोडा थांबलो की अनघाचे काम करणाऱ्या बाई, ज्या प्रत्यक्षातही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात, अर्धे वाक्य बोलून गेलेल्या असत आणि मग मी त्यांना तोडल्यासारखे होई. शेवटी जागा सापडली ती अशी : त्यांनी श्वास आत घ्यायचा, ओठ उघडायचे, आणि त्या उघडलेल्या ओठांवर माझे उत्तर पडायचे, शेजारणीकडे पाहून, हसतमुखाने, तिच्याबद्दलच्या कौतुकाने. मग त्या ओठ मिटून घेत आणि मान डोलावीत. पाचव्या रात्री हा प्रवेश बसला तेव्हा कोणी हसले नाही. सूचक म्हणून बसणाऱ्या मुलीने संहितेतून मान वर करून आमच्याकडे पाहिले, एवढेच.

दिग्दर्शकांनी तालमीच्या हॉलमधील फळ्याशेजारी एक मोठा कागद चिकटवला होता. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या डलूथ या गावात १९८४ च्या सुमारास, नवऱ्यांचा छळ सोसलेल्या स्त्रियांशी बोलून त्यांच्या सांगण्यावरून तयार केलेले एक चक्र त्यांनी मराठीत उतरवून घेतले होते. मध्यभागी आसाच्या जागी ‘सत्ता आणि नियंत्रण’, त्यातून निघालेले आठ आरे आणि बाहेरच्या धावेवर शारीरिक व लैंगिक हिंसा. धमक्या आणि जबरदस्ती, दहशत, मानसिक छळ, एकटे पाडणे, झाल्या गोष्टीला क्षुल्लक ठरवून दोष तिच्यावरच ढकलणे, मुलांचा वापर करून घेणे, पुरुषपणाचा अधिकार गाजवणे आणि पैशाची कोंडी, असे ते आठ आरे. दिग्दर्शक ते असे समजावून सांगत की मारहाण ही धाव आहे, ती कधीमधी जमिनीला टेकते, पण चाक उभे असते ते आऱ्यांवर. दिग्दर्शकाला नाटक समजून घ्यायला हा कागद फार उपयोगी होता यात शंका नाही. नटाला त्याचा उपयोग नाही, हे माझे मत आजही कायम आहे. ‘एकटे पाडणे’ याचा अभिनय कोणालाही करता येत नाही. अनघाच्या आईचा फोन येतो, श्रीकांत तो तिच्याआधी उचलतो, फोनची काच आपल्या शर्टाच्या टोकाने पुसतो, स्पीकर चालू करतो आणि ‘आईंचा आहे, बोल’ असे म्हणून प्रेमाने तिच्या हातात देतो, आणि तिथेच बसून राहतो. याचा अभिनय करता येतो.

हिशेबाच्या प्रवेशासाठी वही हवी होती. नेपथ्य सांभाळणाऱ्या मुलाने नवीकोरी वही आणली, तर ती रंगमंचावर खोटी दिसू लागली. माझ्या घरी, आमच्या लग्नाच्या पहिल्या काही वर्षांतल्या, कापडी पुठ्ठ्याच्या अशा तीन-चार वह्या माळ्यावर होत्या. त्यातली एक, जिची मागची निम्मी पाने कोरी होती, मी घेऊन गेलो. लाल पेनही माझेच होते. हा प्रवेश मला पहिल्याच दिवशी जमला आणि सर्वांनी वाखाणला. चोवीस वर्षे व्हाउचरांवर टिचक्या, म्हणजे तपासल्याच्या खुणा, मारल्यावर हाताला एक लय येते; नोंद वाचायची, ओठांतल्या ओठांत रक्कम म्हणायची, टिचकी, पुढची नोंद. मध्येच पेन थांबते. श्रीकांत वर न पाहता विचारतो, ‘किरकोळ चाळीस. किरकोळ म्हणजे काय गं?’

‘गजरा,’ अनघा म्हणते.

यावर श्रीकांत मोकळेपणाने हसतो. ‘मग गजरा लिही ना. मी काय नाही म्हणतोय?’ आणि वही तिच्यापुढे सरकवतो. ती ‘किरकोळ’ हा शब्द खोडते, वर ‘गजरा’ लिहिते, वही परत देते. टिचकी.

लेखिकेने मला नंतर सांगितले की सबंध नाटक तिला या प्रवेशावरून सुचले होते, आणि बाकी सगळे त्याच्या पुढेमागे लिहीत गेली.

थोबाडीत मारण्याच्या प्रसंगावरून ऑक्टोबरमध्ये आमच्यात मोठा वाद झाला, आणि मला वाटते, नाटकाचे खरे काम त्या वादात झाले. तो सुरू झाला एका पाहुण्या बाईंमुळे. संरक्षण अधिकारी, म्हणजे घरातल्या छळाच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी अधिकारी, म्हणून काम करून निवृत्त झालेल्या या बाई लेखिकेच्या परिचयाच्या होत्या, आणि दुसऱ्या अंकातल्या कायद्याच्या गोष्टी तपासून द्यायला एका संध्याकाळी तालमीला आल्या. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २००५ चा, तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला, एवढे मला पेपरमुळे ठाऊक होते. त्यात हिंसाचाराच्या व्याख्येत शारीरिक आणि लैंगिक छळाबरोबर शाब्दिक व भावनिक छळ आणि आर्थिक छळ हेही येतात, अर्ज दंडाधिकाऱ्यांकडे करायचा असतो, पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांच्या आत आणि निकाल साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदाच सांगतो, आणि घर नवऱ्याच्या नावावर असले तरी तिथे राहण्याचा बायकोचा हक्क त्यामुळे जात नाही, हे सर्व मी त्या संध्याकाळी ऐकले. ‘साठ दिवस’ म्हणताना बाई किंचित हसल्या, आणि आम्हीही त्याचा अर्थ विचारला नाही.

संरक्षण अधिकाऱ्याने तक्रार आली की जो अहवाल भरायचा असतो, त्याचा नमुना त्यांच्या पिशवीत होता. मी तो मागून घेतला आणि कोपऱ्यात बसून, पेन्सिलीने, अनघाच्या वतीने भरू लागलो. नमुन्यात छळाचे प्रकार छापलेले असतात आणि जे लागू असेल त्यावर खूण करायची असते. मारहाण : त्या थोबाडीत मारण्यावर खूण. पगार वापरू न देणे : खूण, पण जराशी दबकत, कारण श्रीकांत नाही म्हणत नाही, तिला मागावे लागते इतकेच. विशिष्ट व्यक्तीला भेटू न देणे : इथे पेन्सिल थांबली. त्याने भावाकडे जायला बंदी कोठे केली आहे? तो फक्त जेवत नाही, ती परत येईपर्यंत. शेवटी माझ्या हाती तीन खुणा आल्या, त्यातली एकच ठसठशीत. चहाला रकाना नव्हता, उघडलेल्या ओठांना नव्हता, स्पीकरला नव्हता, ‘किरकोळ’ला तर नव्हताच.

मी तो कागद बाईंना दाखवला. त्या म्हणाल्या की असेच होते. तक्रार घेऊन आलेल्या बाईला पहिला प्रश्न विचारला की ती गप्प बसते, कारण सांगायला एकही मोठी घटना नसते आणि छोट्या घटना सांगू लागले की आपण क्षुद्र ठरू असे तिला वाटते. मग या पाहुण्या बाई घटनांची नावे न विचारता तिला कालचा दिवस सकाळपासून सांगायला लावत. दहा वाजेपर्यंतचा दिवस ऐकला की त्यांना पुरेसे कळत असे. इंग्लंडमध्ये २०१५ साली केलेल्या कायद्यात अशा सततच्या नियंत्रक वर्तनाचा स्वतंत्र गुन्हा ठरवला आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद ठेवली, हेही त्यांनी सांगितले. तिथे एका घटनेपेक्षा वागण्याची सारी वीण पाहायची असते आणि तिच्या रोजच्या जगण्यावर त्याचा काय परिणाम झाला हे सिद्ध करायचे असते. ‘वीण’ हा शब्द त्यांचाच.

बाई गेल्यावर अनघाचे काम करणाऱ्या आमच्या शिक्षिकाबाई म्हणाल्या, ‘ती थोबाडीत काढून टाका.’ त्यांचे म्हणणे असे की एकदा श्रीकांतने हात उचलला की प्रेक्षकांतला प्रत्येक पुरुष सुटला. आपण काही बायकोला मारत नाही, एवढे मनात म्हटले की तो निश्चिंतपणे मध्यंतराचा वडा खायला मोकळा. उलट बाजूने प्रकाशयोजना करणारे आमचे ज्येष्ठ सहकारी म्हणत होते की अंकाचा शेवट थोबाडीवाचून पडेल, परीक्षकांना ही बाई घर का सोडते ते कळणार नाही, आणि हौशी स्पर्धेत कळणे महत्त्वाचे असते. मी त्यांच्या बाजूने बोललो. खरे कारण निराळे होते आणि ते मी कोणाला सांगितले नाही : थोबाडीत होती तोवर श्रीकांत माझ्यापासून लांब होता.

लेखिका त्या रात्री काहीच बोलली नाही. तीन दिवसांनी तिने नवी पाने आणली. आता पहिल्या अंकाच्या शेवटी अनघा, आईच्या औषधांसाठी, स्वतःचे एटीएम कार्ड मागते. श्रीकांत एका क्षणाचाही विलंब न लावता ते पाकिटातून काढून तिच्या तळहातावर ठेवतो. ती कार्डाकडे पाहत राहते, मग विचारते, ‘पिन?’ आणि तो खऱ्याखुऱ्या आश्चर्याने म्हणतो, ‘तू कधी विचारलंच नाहीस!’ अंधार. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्रासाठी पाठवायची घाई होती, म्हणून त्यावर अधिक चर्चा झाली नाही. प्रकाशयोजनावाले दोन दिवस रुसले आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी त्या कार्डावर एक बारीक झोत टाकून दाखवला.

दुसऱ्या अंकात अनघा मिरजेला भावाकडे निघून गेलेली आहे आणि श्रीकांत तिला वकिलामार्फत नोटीस पाठवतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ खालची, नांदायला येण्याची. आमच्या ओळखीच्या एका वकिलांनी ती खऱ्या नोटिशीसारखी लिहून दिली, आणि सबंध नाटकात सर्वांत प्रेमळ मजकूर तोच आहे : ‘माझे अशील आपणांस आजही सुखाने नांदविण्यास तयार आहेत.’ हे वाक्य पाठ करताना मला प्रथमच जाणवले की लग्नाच्या आशीर्वादात दोघांनाही ‘नांदा’ म्हणतात, पण कोर्टाच्या कागदावर आले की बायको नांदते आणि नवरा नांदवतो. पहिल्या क्रियापदात ती कर्ता आहे, दुसऱ्यात नाही. दिग्दर्शकांनी त्या दिवशी आम्हाला रखमाबाईंची हकीकत सांगितली. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या रखमाबाईंनी मोठेपणी नवऱ्याकडे जायला नकार दिला, दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली मुंबईत दावा लावला, १८८५ मध्ये एका न्यायमूर्तींनी तो फेटाळला, पण अपिलानंतर १८८७ मध्ये हुकूम झाला की नवऱ्याच्या घरी जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, आणि त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, आणि पुढे त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या. आज या कलमाखाली कोणाला तुरुंगात पाठवत नाहीत, पण कलम आहे, आणि नोटिशी जातात. ती नोटीस मी रंगमंचाच्या एका टोकाला उभा राहून म्हणत असे आणि दुसऱ्या टोकाला अनघा ती वाचत असे. दिग्दर्शकांची सूचना होती की पत्र लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळसणाला लिहिल्यासारखे म्हण. तसे म्हटल्यावर माझ्या अंगावर काटा आला, आणि हे मी नटाच्या कौतुकासाठी लिहीत नाही.

पाच नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, आम्ही रिवाजाप्रमाणे नटराजाची पूजा केली. १८४३ साली आमच्याच सांगलीत विष्णुदास भावे यांनी केलेल्या पहिल्या नाटकाची ही तारीख. ते नाटकही स्वयंवराचे होते, ही गोष्ट त्या दिवशी कोणाच्या तरी लक्षात आली आणि त्यावर थोडे विनोद झाले.

नोव्हेंबरच्या अखेरीस निमंत्रितांसमोर रंगीत तालीम केली. साठ-सत्तर माणसे होती. पहिल्या अंकात लोक हसत होते, आणि हसत होते ते श्रीकांतबरोबर. चहाच्या उल्लेखाला हशा, ‘मी आहे ना’ला तर पाचव्या-सहाव्या वेळेपासून प्रेक्षक माझ्याआधी म्हणू लागले. मध्यंतरात रंगपटाच्या दाराशी एक वयस्क बाई अनघाला सांगत होत्या, ‘असा नवरा मिळायला भाग्य लागतं हो.’ नाटक संपल्यावर माझ्या बँकेतले एक सहकारी भेटले, त्यांनी माझे काम आवडल्याचे सांगितले आणि रविवारच्या हिशेबाची कल्पना उत्तम आहे, आपणही घरी सुरू करणार आहोत, असे म्हणाले. ते थट्टा करीत आहेत असे समजून मी हसलो, पण त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

सर्व पांगल्यावर एक तिशीतली बाई मागे राहिली होती. तिने नाटकाबद्दल चकार शब्द काढला नाही. तुम्ही बँकेत आहात ना, असे विचारून ती म्हणाली की खात्याला जोडलेला मोबाईल नंबर बदलायचा असेल तर नवऱ्याची सही लागते का. मी सांगितले की स्वतःच्या एकटीच्या नावाचे खाते असेल तर नाही. ओळखपत्र घेऊन स्वतः शाखेत जायचे, अर्ज द्यायचा. तिने मान डोलावली आणि निघून गेली. त्या रात्री मला झोप लागली नाही, ती अभिनयाच्या काळजीने नव्हे. मला आठवत होत्या त्या पैसे काढण्याच्या स्लिपा. बायकोची सही आधीच करून आणलेली, रक्कम नवऱ्याच्या अक्षरात, आणि काउंटरवर नवरा. सही जुळली की मी पास करतो. ‘मॅडम कशा आहेत?’ असेही विचारतो. चोवीस वर्षांत अशा किती केल्या असतील ते मोजता येणार नाही, आणि त्यातल्या बहुतेक अगदी साध्यासरळ असतील हेही खरे आहे. कोणत्या नव्हत्या, हे काउंटरच्या आतून कधीच दिसले नाही.

स्पर्धेच्या प्रयोगात एकच अपघात झाला. हिशेबाच्या प्रवेशात माझे लाल पेन उमटेना. मी झटकले, पुन्हा ओढून पाहिले, कागदावर नुसती चर पडत होती, आणि पुढचे सगळे टिचक्यांवर बांधलेले. तेवढ्यात अनघाने, तालमीत कधीही न केलेली गोष्ट केली : ती उठली, खुंटीवरच्या आपल्या शाळेच्या पिशवीतून मुलांच्या वह्या तपासायचे लाल पेन काढले, टोपण उघडले आणि माझ्या हातात दिले. मी त्या पेनाने तिच्या नोंदींवर खुणा केल्या. थिएटरात इतकी शांतता झाली की मागच्या रांगेत कोणाच्या तरी फोनची थरथर मला ऐकू आली. नाटकाला क्रमांक मिळाला नाही, अनघाचे काम करणाऱ्या बाईंना अभिनयाचे प्रमाणपत्र मिळाले, आणि ते योग्यच झाले.

माझी बायको प्रयोगाला आली होती. तिला नाटकाची फारशी आवड नाही. तिची स्वतःची गाडी आहे, स्वतःचे खाते आहे, आणि आमच्या घरी हिशेबाची वही बंद होऊन बरीच वर्षे झाली, त्यामुळे श्रीकांत आणि मी यांत पुष्कळ अंतर आहे असे मी या चार महिन्यांत अनेकदा स्वतःला सांगितले होते. घरी आल्यावर तिने दूध गरम केले, दोन पेले भरले, आणि म्हणाली, ‘ती वही आपलीच होती ना?’

‘हो. मागची पानं कोरी होती म्हणून.’

‘पुढची फाडून न्यायची होतीत,’ ती म्हणाली आणि पेला घेऊन आत गेली.

वही सामानाच्या पेटीतून परत आल्यावर मी ती पुढून उघडली. तालमीत आम्ही नेहमी मागची पाने वापरीत असू. पुढची पाने तिच्या अक्षरातली, लग्नाच्या तिसऱ्या वर्षातली : दूध, भाजी, गिरणी, रॉकेल, आणि प्रत्येकापुढे माझी टिचकी. दर महिन्याच्या दहा तारखेच्या आसपास एक नोंद होती, ‘किरकोळ ३००’. जूनमध्ये आहे. जुलैमध्ये आहे, तिच्यापुढे टिचकी नाही, लाल शाईत एक लहानसे प्रश्नचिन्ह आहे. ऑगस्टमध्येही प्रश्नचिन्ह. सप्टेंबरपासून ती नोंद वहीत नाही. मी बँकेतला माणूस आहे. मी बेरजा लावून पाहिल्या. सप्टेंबरपासून भाजीचा खर्च महिन्याला साधारण तीनशे रुपयांनी वाढलेला आहे, चारही आठवड्यांत व्यवस्थित विभागून, आणि त्या प्रत्येक नोंदीपुढे माझी टिचकी आहे.

ते तीनशे रुपये कशाचे, हे मी तिला अजून विचारलेले नाही. विचारायचे आहे. दोन-तीनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊन आलो, मनातल्या मनात वाक्य निरनिराळ्या प्रकारांनी म्हणून पाहिले, हसत, सहज, माफी मागत. सुरुवात कशीही केली तरी शेवटचा ‘गं’ श्रीकांतचाच लागतो.